मुठीत मावणारी लेन्स

आपल्याकडच्या जुन्या अल्बमांत एक गोष्ट हमखास आढळते. लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे फोटो भरपूर असतात. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ बसलेले आजोबाही असतात. पण चुलीपुढे भाकरी थापणारी आजी, कट्ट्यावर गप्पा छाटणारे शेजारी, दप्तर फेकून खेळायला पळणारी पोरे सहसा सापडत नाहीत. महाविद्यालयात इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासासाठी घरचे फोटो आणायला सांगतो. त्यांत सण दिसतात, रोजचा दिवस दिसत नाही.

पैसा हे याचे एक कारण होतेच. कॅमेऱ्याचा आकार हे दुसरे. मोठे यंत्र समोर आले की माणूस आवरून-सावरून बसतो. रोजचे जगणे टिपायचे तर यंत्र लहान हवे आणि त्याची नजर मात्र तीक्ष्ण हवी. या दोन्ही अटी एकत्र पाळण्यासाठी काही माणसांनी आयुष्य वेचले. त्यांनी घडवलेल्या ५० मि.मी. लेन्सची ही गोष्ट आहे.

जर्मनीतील वेट्झलार या गावी लाइट्झ नावाची सूक्ष्मदर्शक बनवणारी कंपनी होती. तिथल्या ओस्कार बारनाक या यंत्रज्ञाला फिरायची आणि फोटो काढायची हौस होती, पण दम्याच्या विकारामुळे त्याला जड कॅमेरा पेलवत नसे. सिनेमाची फिल्म वापरून त्याने १९१४ च्या सुमारास एक छोटा कॅमेरा तयार केला. तोच पुढे १९२५ मध्ये ‘लायका’ या नावाने बाजारात आला. त्याची निगेटिव्ह अवघी २४ बाय ३६ मि.मी. म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी! ती भिंतीवर लावण्याजोगी करायची तर दहापट मोठी करावी लागणार आणि लेन्सचा प्रत्येक दोषही दहापट मोठा होणार. कॅमेरा लहान केल्याबरोबर लेन्सवरची जबाबदारी वाढली ती अशी.

ती पेलली माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने. त्याची ‘एल्मार’ लेन्स चार भिंगांची होती. तिची नळी काम झाल्यावर कॅमेऱ्यात ढकलून ठेवता येई. मग सगळा कॅमेरा कोटाच्या खिशात जाई.

५० मि.मी.लाच ‘स्टँडर्ड’ का म्हणतात? या निगेटिव्हचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. आहे. त्याच्या आसपासची लेन्स वापरली की वस्तूंची आपापसातली अंतरे आणि आकार डोळ्यांना स्वाभाविक वाटतात. नाक पुढे आल्यासारखे दिसत नाही, की मागचा डोंगर अंगावर आल्यासारखा वाटत नाही.

१९३२ मध्ये लायकाला रेंजफाइंडर जोडला गेला. ही युक्ती मोठी मजेशीर आहे. कॅमेऱ्याच्या माथ्यावर थोड्या अंतराने दोन झरोके असतात. पाहणाऱ्याला एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवली की आतला एक दांडा सरकतो आणि दोन्ही प्रतिमा जवळ येऊ लागतात. त्या एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस जुळला! आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात, त्यातलाच हा प्रकार.

यात आपण लेन्समधून पाहत नसतो, म्हणून आत आरसा लागत नाही. पुढे लोकप्रिय झालेल्या एसएलआर कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो. निकॉनच्या एसएलआरमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मि.मी. आहे. लायकाच्या एम मालिकेत ते २७.८ मि.मी. एवढेच आहे. लेन्सचे मागचे भिंग फिल्मच्या जवळ नेता येते, त्यामुळे आराखडा करणाऱ्याला मोकळीक मिळते. दुसरीकडे एक बंधनही येते. लेन्स जाडजूड झाली तर ती झरोक्याच्या आड येते आणि चित्राचा कोपरा झाकून टाकते. म्हणजे या कॅमेऱ्यात लेन्सने लहान राहणे ही गरजच आहे.

मग कितीही लहान करता येईल का? इथे निसर्गाचा नियम आडवा येतो. लेन्सवर एफ/२ लिहिलेले असते, त्याचा अर्थ प्रकाश आत येण्याची वाट ५० भागिले २, म्हणजे २५ मि.मी. रुंद असते. एफ/१.४ हवे तर हीच वाट सुमारे ३६ मि.मी. होते. भिंगे मोठी होतात, वजन वाढते आणि कडेच्या किरणांचे दोष आवरणे अवघड होते. लायकाचीच ५० मि.मी. एफ/०.९५ ‘नॉक्टिलक्स’ ७०० ग्रॅमची आहे, तर एफ/२ ‘सुमिक्रॉन’ सुमारे २४० ग्रॅमची. दोन पायऱ्यांच्या अंधारावर पाणी सोडले की तिपटीच्या आसपास वजन वाचते. मुठीत मावणारी लेन्स ही अशी शहाण्या त्यागातून जन्मते.

अडचणी आणखीही होत्या. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. भिंगे वाढवली की चित्र फिके पडते. झाइसच्या लुडविग बेर्टेले याने १९३२ च्या सुमारास ‘सोन्नार’मध्ये भिंगे एकमेकांना चिकटवून तीनच गट केले आणि हवेला भिडणारे पृष्ठभाग सहावर आणले. पुढे १९३५ मध्ये झाइसमध्येच काचेवर पातळ लेप देण्याची पद्धत निघाली आणि परावर्तनाचा प्रश्न बराचसा सुटला. त्यामुळे पाउल रुडॉल्फ याची १८९६ सालची ‘प्लानार’ रचना नव्याने उपयोगी पडली. तीत मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना भिंगांची जवळपास सारखी मांडणी असते. एका बाजूचे काही दोष दुसरी बाजू भरून काढते, अगदी जुन्या संसारातल्या नवरा-बायकोसारखे!

याच कुळातली सुमिक्रॉन १९५३ मध्ये आली. १९७९ मध्ये वॉल्टर मँडलर यांनी कॅनडातील मिडलंड येथे तिची नवी आवृत्ती आखली. सहा भिंगे, चार गट. आतले काही पृष्ठभाग त्यांनी चक्क सपाट ठेवले, त्यामुळे ती घडवणे सोपे झाले. हा आराखडा इतका नेटका होता की पुढे चार दशकांहून अधिक काळ त्याच्यावर लेन्स बनत राहिली. २०१२ मध्ये पेटर कार्बे यांनी आखलेली आठ भिंगांची ‘अ‍ॅपो-सुमिक्रॉन’ आली. ती अधिक काटेकोर आहे, तरी वजन ३०० ग्रॅमच.

पण हा खटाटोप कशासाठी? उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार लायका आणि ५० मि.मी. लेन्स घेऊन १९४७ मध्ये भारतात आला होता. चकचकीत भाग लोकांच्या डोळ्यांत येऊ नयेत म्हणून तो कॅमेऱ्याला काळी पट्टी चिकटवी. ३० जानेवारी १९४८ रोजी तो बिर्ला भवनात गांधीजींना भेटला. तो तिथून गेल्यावर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. तो धावत परतला. त्या रात्री फाटकाजवळ उंचावर उभे राहून नेहरू ती बातमी सांगत आहेत, हे त्याचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. उजेड जवळच्या दिव्याचा. चित्र थोडे हललेले, पण त्या क्षणाचा कंप त्यात उतरला आहे. फ्लॅश उडवून त्याने कोणाच्या दुःखात व्यत्यय आणला नाही. लहान यंत्रामुळे तेवढी सभ्यता शक्य झाली.

त्याच काळात दिल्लीत होमाई व्यारावाला काम करत होत्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून त्या स्पीड ग्राफिकसारखा जड कॅमेरा वागवत. त्याच्या एका चौकटीत दोनच फिल्म बसत. तरी त्यांनी एक युग टिपले. उत्तरायुष्यात त्या वडोदऱ्यात राहिल्या, त्यामुळे तिथल्या मराठी वाचकांना त्या परक्या नाहीत. थोर काम जड यंत्रानेही होते, हे त्यांनी दाखवले. पण त्यासाठी होमाईबाईंची चिकाटी लागते. सामान्य माणसाला रोजचे घर टिपायचे तर ओझे कमीच हवे.

लायका आमच्यासारख्या पगारदारांच्या आवाक्याबाहेरची, हे खरे. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी जुन्या बाजारात ‘ज्युपिटर-८’ ही रशियन ५० मि.मी. लेन्स किंवा ४५ मि.मी. लेन्सचा ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ अजून सापडतो. या कॅमेऱ्यांना मर्यादाही आहेत. आजच्या सुमिक्रॉनलाही ७० सेंटिमीटरपेक्षा जवळचे फोकस करता येत नाही, त्यामुळे फुलावरच्या भुंग्याचा नाद सोडावा.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग प्रश्न मिटला का? मला तसे वाटत नाही. मोबाइलचा मुख्य कॅमेरा सहसा रुंद कोनाचा असतो. त्यात सगळे मावते, म्हणून आपण काहीच निवडत नाही. ५० मि.मी. लेन्समध्ये सगळे मावत नाही. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते, झूम नसल्यामुळे पायांनी पुढे-मागे व्हावे लागते. समोरच्या माणसापासून दोन पावलांवर उभे राहायचे तर त्याच्याशी बोलावेही लागते. त्या दोन पावलांत ओळख होते.

म्हणून यंदा विद्यार्थ्यांना मी एक काम सांगितले आहे. मोबाइलवर दुप्पट झूम लावला की बहुतेक फोनमध्ये दृश्य ५० मि.मी.च्या जवळपास येते. तो तिथेच ठेवायचा आणि महिनाभर घरातला एकेकच फोटो रोज काढायचा. सण नको, पाहुणे नकोत. दळण, अभ्यास, औषधाची वेळ, आईचे हात. फोटोमागे तारीख आणि नाव लिहायचे आणि तो छापून ठेवायचा. वाचकांनीही हे करून पाहावे. आपल्या नातवंडांना आपले कपडे आणि दागिने दिसतीलच. आपण दुपारी तीन वाजता कसे होतो, हेही त्यांना दिसायला हवे.