हप्ता तोच, मुदत कुठवर?

दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. गाडी रस्त्यात बंद पडायच्या आधी तपासायची असते, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. घरच्या बेतांचं मात्र 'एकदा ठरलं ते ठरलं'. ठरवलेलं बदलणारा माणूस कच्चा, असा समज घट्ट आहे.

तो खरा नाही. 6 मार्च 2022 रोजी सुरू झालेली पिंपरीची मेट्रो फुगेवाडीलाच संपत होती. 1 ऑगस्ट 2023 पासून ती दापोडीवरून सिव्हिल कोर्टापर्यंत धावू लागली. शिवाजीनगरला नोकरी करणाऱ्याने 2022 साली पेट्रोल धरून मांडलेला महिन्याचा खर्च चुकला नव्हता, जुना झाला होता.

याहून महाग पडणारा गैरसमज म्हणजे हप्ता तोच, म्हणजे कर्जही तसंच चाललंय. 25 लाखांचं गृहकर्ज, 7 टक्के, 20 वर्षं: हप्ता साधारण 19,382 रुपये. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला आणि बदलत्या दराची कर्जं महागली. 25 लाख बाकी असताना दर 9 टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर फेड 38 वर्षांवर जाते. साडेनऊ टक्क्यांना महिन्याचं व्याजच 19,792 रुपये, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त! खात्यातून मात्र दरमहा तेवढीच रक्कम जाते, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. निवृत्तीनंतरही हप्ते उरणार, हे असं गुपचूप ठरून जातं. याची मला खरोखर काळजी वाटते.

बँकेपुढे आपलं काही चालत नाही, असंही म्हणतात. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं दोन्ही, हे कर्जदाराला निवडू द्यावं. उरलेले हप्ते दाखवणारा उतारा दर तिमाहीला द्यावा. घरासाठी बदलत्या दराने घेतलेलं कर्ज मुदतीआधी फेडलं, तर दंडही नाही.

आढाव्याला 1 जानेवारीच लागते असं नाही. कंपनीत करार झाला, एरिअर्स आले, मुलांच्या शाळेची फी वाढली, की त्याच आठवड्यात बसावं. दर उतरतो तेव्हाही. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला होता. तेव्हा हप्ता कमी करून न घेता तोच चालू ठेवला, तर लांबलेली वर्षं परत आत येतात. उतारा काढा, उरलेल्या हप्त्यांना बाराने भागा आणि आपल्या वयात मिळवा.