जन्माआधीच मोजून मिळालेल्या गाळण्या

प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं पाचेक लिटर. त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम तीन लिटर. आणि आपली दोन मूत्रपिंडं चोवीस तासांत १८० लिटर द्रव गाळून काढतात! तोच तीन लिटर प्लाझ्मा दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. मुठीएवढा, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा अवयव. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही भरत नाहीत, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा तेच घेतात.

गाळलेलं सगळं बाहेर गेलं असतं तर आपण तासाभरातच कोरडे पडलो असतो. त्या १८० लिटरमध्ये दीड किलोच्या आसपास मीठ असतं आणि १८० ग्रॅमच्या आसपास साखर. निरोगी मूत्रपिंड ही साखर जवळजवळ शेवटच्या कणापर्यंत परत रक्तात घेतं. मिठातलं त्या दिवशी जेवढं जास्तीचं आलं तेवढंच, म्हणजे काही ग्रॅम, बाहेर सोडतं. पाण्याचे उरतात एक-दोन लिटर, आणि तीच आपली लघवी. टाकायच्या वस्तू वेचून काढण्याऐवजी आधी सगळंच बाहेर काढायचं आणि मग हवं ते मोजून परत घ्यायचं, अशी ही रीत. ती उधळी वाटते, पण तिचा फायदा मोठा आहे. आयुष्यात पहिल्यांदाच पोटात आलेला एखादा अनोळखी पदार्थही, त्याची ओळख नसताना, आपोआप बाहेर जाऊ शकतो.

हे काम करतात नेफ्रॉन. प्रत्येक नेफ्रॉनच्या टोकाला केशवाहिन्यांचा एक बारीक गुंता असतो. १६६६ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगींनी तो सूक्ष्मदर्शकातून पाहून नोंदवला. पुढे १८४२ मध्ये विल्यम बोमन यांनी त्या गुंत्याभोवतीची पिशवी आणि तिला जोडलेली नलिका यांचं नातं उलगडलं. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नलिका तीनेक सेंटिमीटरची धरली तरी दोन्हीकडच्या नलिका टोकाला टोक जोडल्यावर सीएसएमटीपासून कल्याणच्याही पुढे पोहोचतील.

मला सर्वांत जास्त थक्क करते ती वेगळीच गोष्ट. हे नेफ्रॉन आईच्या पोटातच तयार होतात आणि गर्भारपणाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास नवे तयार होणं थांबतं. त्यानंतर आयुष्यभरात एकाचीही भर पडत नाही. सगळ्यांना सारखे मिळतात असंही नाही. कुणाच्या एका मूत्रपिंडात दोन-अडीच लाख, तर कुणाच्या वीस लाखांहून जास्त. कमी वजनाच्या आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सहसा कमी मिळतात. अशा कमी पुंजीच्या माणसांना पुढे उच्च रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका जास्त असावा, असं मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आई-मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यातही आईच्या पोषणाचा धागा मुलांच्या पुढच्या मधुमेहाच्या धोक्यापर्यंत जाताना दिसला. मधुमेह हा तर मूत्रपिंडाचा सर्वांत मोठा शत्रू. म्हणून माझं ठाम मत आहे की मूत्रपिंडाची निगा गर्भार बाईच्या ताटापासून सुरू होते. घरात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवणारी सून हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

नेफ्रॉन मरतात तेव्हा उरलेले त्यांचं काम उचलतात. म्हणूनच एक मूत्रपिंड दान केलेला माणूस उत्तम जगतो. राहिलेलं मूत्रपिंड मोठं होतं आणि दोन्हींच्या मूळ कामाचा साधारण सत्तर टक्के भार पेलतं. पण मधुमेह किंवा उच्च रक्तदाब वर्षानुवर्षं आटोक्याबाहेर असेल तर उरलेल्या गुंत्यांमधला दाब वाढत जातो, ते निकामी होतात आणि भार आणखी कमी जणांवर पडतो. हे सगळं मुकाट्याने चालतं. दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. रक्तातलं क्रिएटिनीन हे टाकाऊ द्रव्यसुद्धा अनेकदा निम्मी क्षमता गेल्यावरच ठळकपणे वाढलेलं दिसतं. त्याआधी एक सुगावा लागतो: चाळण ढिली झाली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं, आणि ते साध्या तपासणीत सापडतं.

इथे सफरचंदाच्या झाडाची गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा काढला गेला. तो दिला की लघवीत साखर येते, हे त्याच शतकात कळलं. गाळलेली साखर परत घेणारी नलिकेतली दारंच तो अडवतो. ते सूत्र धरून शास्त्रज्ञांनी मधुमेहावरच्या गोळ्या बनवल्या, आणि मग लक्षात आलं की त्या गाळणीतला दाबही उतरवतात. २०१९ आणि २०२० मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की या गोळ्या मूत्रपिंडाची घसरण मंदावतात, मधुमेह नसलेल्या अनेक रुग्णांमध्येसुद्धा.

रोजच्या जगण्यात धोके साधे आहेत. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आपल्या मनाने रोज घेऊ नये. मूत्रपिंडात रक्त नेणारी वाट उघडी ठेवणारी रसायनंच त्या गोळ्या कमी करतात. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेलं असेल तर त्यांचा फटका जास्त. गोरेपणाच्या निनावी क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं केरळमधल्या डॉक्टरांनी जगापुढे आणली. बळेच चार-पाच लिटर पाणी पिऊन निरोगी मूत्रपिंड जास्त स्वच्छ होत नाही. मुतखडा झालेल्यांनी आणि उन्हात राबणाऱ्यांनी मात्र भरपूर प्यावं. ऊसतोडणीच्या फडावर सावली आणि पिण्याचं पाणी पुरवणं ही मुकादमाची आणि कारखान्याची जबाबदारी आहे.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनीन तपासून घ्या. घरातल्या ज्येष्ठांचंही तपासा, आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. एका आकड्यापेक्षा तो दरवर्षी कुठे सरकतोय हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं.