मताचा हिशोब : आपले एक मत खरोखर मोजले जाते काय?

मराठीत आपण 'मतदान' म्हणतो, उर्दूत 'रायदही'. मत आणि राय यांचा अर्थ एकच, तरीही दोन शब्दांत एक फरक आहे. दान दिल्यावर त्याचा हिशोब विचारू नये, असा आपल्याकडचा संस्कार. उर्दूत मात्र या शब्दाला 'हक्क' जोडून येतो, 'हक्क-ए-रायदही', आणि हक्काचा हिशोब विचारता येतो. जांबोटीकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, "सर, एवढ्या लाखो मतांत माझे एक मत खरंच मोजत असतील का?" प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा नियम व घटना यांच्या आधारे विचार करावयाचा आहे. मतदान केंद्रावरील कामे बहुतांशी आपण शिक्षकच करीत असल्याने हा प्रश्न आपल्यालाही विचारलेला आहे.

१. बेळगावचा अनुभव

जांबोटी हे गाव बेळगाव जिल्ह्यातले, खानापूर तालुक्यातले. लोकसभेसाठी मात्र ते उत्तर कन्नड मतदारसंघात मोडते. निपाणी चिक्कोडी मतदारसंघात जाते. शेजारच्या बेळगाव मतदारसंघात १९९६ साली जे घडले ते मतमोजणीच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषिकांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले आणि एका जागेसाठी ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी आंध्रातील नलगोंडा येथे ४८० उमेदवार होते. मतदान तेव्हा कागदी मतपत्रिकेवर होत असे. शेकडो नावांतून आपले चिन्ह शोधायचे, योग्य जागी शिक्का मारायचा. शिक्का दोन उमेदवारांपुढे उमटला किंवा मत कोणाला हे ठरविता आले नाही, तर ते मत बाद. निषेध लोकशाही मार्गाचा होता यात शंका नाही, पण एकेक मत बिनचूक देण्याचे व मोजण्याचे काम त्याने किती कठीण केले असेल, हेही मान्य करावे लागते.

त्यानंतर त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली. पुढे २००९ साली ती २५,००० झाली. आजच्या मतदान यंत्रालाही मर्यादा आहे. एका मतदान एककावर १६ नावे आणि जास्तीत जास्त २४ एकके, म्हणजे 'नोटा' धरून ३८४ नावे. बेळगावचे ४५६ उमेदवार आजच्या यंत्रातही मावले नसते.

२. मत दिल्यापासून निकालापर्यंत

यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ साली केरळमधील परूर येथे ५० केंद्रांवर झाला. कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने तो १९८४ साली अमान्य केला व त्या केंद्रांवर पुन्हा कागदावर मतदान झाले. १९८९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्वत्र यंत्रे आली. २०१९ साली सर्व केंद्रांवर व्हीव्हीपॅट आले. बटण दाबल्यावर चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते.

मताच्या हिशोबाचा खरा आधार मात्र एक साधा कागद आहे : नमुना १७ क. मतदान संपताच केंद्राध्यक्ष एकूण किती मते नोंदली गेली ते त्यावर लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मोजणीच्या दिवशी यंत्रातील आकडा या आकड्याशी ताडून पाहिला जातो. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. ही संख्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविली. आठ विधानसभा क्षेत्रांच्या उत्तर कन्नड मतदारसंघात अशी ४० केंद्रे होतात व ती चिठ्ठी टाकून निवडली जातात. यंत्र व चिठ्ठ्या यांत फरक पडल्यास चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली.

३. एका मताचे मोल

कर्नाटकात २००४ साली संतेमारहळ्ळी विधानसभेचा निकाल अवघ्या एका मताने लागला : ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीतील मुंबई वायव्य मतदारसंघाचे उदाहरण याहून बोलके आहे. यंत्रांतील मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद ठरलेल्या टपाली मतांची संख्या या फरकाहून जास्त, म्हणजे १११ असल्याने ती पुन्हा तपासण्यात आली.

येथे आपण शिक्षकांनी थांबून विचार करावा. टपाली मते मोठ्या प्रमाणावर निवडणूक कर्मचाऱ्यांची असतात. प्रतिज्ञापत्रावर सही राहिली, साक्षांकन नसले, पाकिटावरील क्रमांक जुळला नाही, तर ते मत बाद होते. दुसऱ्यांची मते नोंदविणाऱ्या सुशिक्षितांचे स्वतःचेच मत न मोजले जावे, याला काय म्हणावे?

४. उणिवा कोठे आहेत?

पहिली उणीव मोजणीच्या आधीची आहे. यादीत नावच नसेल तर मोजणी कितीही चोख झाली तरी त्या मतदाराला उपयोग काय? कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद मतदारसंघात २०२२-२३ च्या सुमारास नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते. चौकशीत त्यांपैकी केवळ २४ योग्य ठरले. अर्जांची वेळीच पडताळणी झाल्याने बाकीची नावे वाचली.

दुसरी उणीव गुप्ततेची. कागदी मतपत्रिका असताना अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रामुळे केंद्रवार आकडे उघड होतात. वाडीचे किंवा मोहल्ल्याचे एकच केंद्र असेल तर कोणी कुणाला मते दिली, याचा अंदाज गावाला येतो. अल्पसंख्य भाषिक असो वा धार्मिक समाज, त्याला याचा धाक वाटू शकतो. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखविणारे 'टोटलायझर' वापरावे अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली. विधी आयोगाने २०१५ साली तिला पाठिंबा दिला. ती अमलात आलेली नाही.

तिसरी उणीव आपल्या हातची. मतदानापूर्वी किमान ५० मतांची चाचणी घेतात. ती मते यंत्रातून पुसायची राहिली, तर हिशोब चुकतो आणि संशयाला जागा मिळते.

समारोप

त्या विद्यार्थ्याला उत्तर असे देता येईल : तुझे मत मोजले जाते, आणि ते मोजले गेले की नाही हे तपासण्याची साधनेही आहेत, ती वापरणारी माणसे मात्र केंद्रावर हजर हवीत. निवडणुकीपूर्वी यादीत नाव पाहणे, प्रतिनिधीने १७ क ची प्रत जपून ठेवणे, मोजणीच्या टेबलावर ती ताडून पाहणे, एवढे झाले तरी पुष्कळ शंका जागच्या जागी मिटतात. हा नमुना वर्गात एक तास शिकवावा, अशी आपणा सर्वांस विनंती आहे.