ठिणगीची साक्ष

अमेरिकेतील पारंपरिक ड्रॅग शर्यतीत मोटार पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ धावते. काही स्पर्धक तिच्या इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडतात. वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असलेला हा वायू सिलिंडरमधील उष्णतेने विघटित होतो. त्यामुळे अधिक इंधन जाळता येते व शक्ती वाढते. मात्र इंधन कमी पडले किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर काही क्षणांत पिस्टन वितळू शकतो.

हा धोका वेळीच ओळखण्यासाठी जाणकार कारागीर स्पार्क प्लग ‘वाचतात’. नवे प्लग बसवून धाव घेतली जाते. अंतिम रेषा ओलांडताच इंजिन बंद करून गाडी ओढत आणतात. संथ चालताना धरणारी काजळी खुणा झाकून टाकते. मग प्रत्येक प्लग भिंगाखाली येतो. वाकड्या पट्टीवरील रंगबदलाची खूण टोकाजवळ असेल, तर ठिणगी उशिरा पडते. बुडाकडे सरकली असेल, तर फार लवकर. चिनी मातीच्या खोल बुडाशी उमटलेले काजळीचे कडे इंधनाचे प्रमाण सांगते. तिच्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके वा ॲल्युमिनियमचे चंदेरी कण दिसले, तर तो स्फोटक ज्वलनाचा इशारा होय. चंदेरी कण तर पिस्टनचेच असतात.

व्ही-८ इंजिनाचे आठही प्लग क्रमाने मांडतात, कारण सात सिलिंडर ठीक असून एकच इंधनावाचून उपाशी असू शकतो. धावेची वेळ सुधारली म्हणून ही तपासणी टाळणाऱ्यास पुढची धाव महागात पडू शकते.