परदेशी शिक्षण : आधी हिशेब, मग प्रवेश

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या गावाच्या व्यापारी भरभराटीतून रूढ झाली. कुंडलिकेकाठच्या नवीन जालन्यात आजही व्यवहारचातुर्याची वाण नाही. परंतु मोंढ्यात क्विंटलमागे दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा पालक मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी एखाद्या चकचकीत माहितीपत्रकावर विसंबून घर गहाण टाकावयास निघतो, तेव्हा हे चातुर्य कोठे गेले, असा प्रश्न पडतो.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण वंदनीय आहे, तसेच मार्गदर्शकही आहे. बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अभ्यास चालू असतानाच तिची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. असामान्य बुद्धिमत्तेलाही पैशाची मुदत चुकत नाही, हा त्यातील धडा होय.

म्हणून पहिला प्रश्न विद्यापीठाच्या नावाचा नव्हे, पदवीच्या मान्यतेचा असावा. वैद्यकीय शिक्षणाचेच पाहा. २०२१ च्या नियमांनुसार परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो आणि त्याच संस्थेत वर्षभराची आंतरवासिता पुरी करावी लागते. हे न पाहता गेलेल्या विद्यार्थ्याची वर्षे वाया जाण्याची भीती असते.

दुसरा प्रश्न पैशाचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राचीही स्वतंत्र योजना आहे. त्यांसाठी उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र हे कागद जाहिरात निघण्यापूर्वीच तयार हवेत. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण चार लाखांपुढील कर्जात परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. हप्ते शिक्षणानंतर सुरू होत असले, तरी व्याजाची आकारणी पहिल्या दिवसापासून होते. शिवाय शुल्क परकी चलनात भरावयाचे असल्याने रुपया घसरला की तेच शुल्क महाग होते.

तिसरी सावधगिरी मध्यस्थाविषयी. ‘फुकट सल्ला’ देणाऱ्या अनेकांना दलाली परदेशी विद्यापीठाकडून मिळते, हे ध्यानात ठेवावे. शुल्क व अटी विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पडताळाव्यात. ब्रिटनच्या व्हिसासाठी आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते; ‘दाखविण्यापुरते’ पैसे आणून देणाऱ्यापासून दूर राहणेच इष्ट.

ही सारी तयारी किमान दीड वर्ष आधी सुरू व्हावयास हवी. पदवीच्या अखेरच्या वर्षी शिफारसपत्र लिहून देणाऱ्या प्राध्यापकांनी त्याआधीच्या वर्षी विद्यार्थ्यांसमवेत हा हिशेब मांडला, तर अनेक घरे गहाण पडण्यापासून वाचतील. आणि जे विद्यार्थी जातील, ते शिक्षण पुरे करूनच परततील.