हैदराबादेतील एक बूटफूल आणि रोजचे पाणी

गेल्या मे महिन्यात काही कामानिमित्त आम्हांस हैदराबादेस जाणे झाले. तेथे आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब आहे. मूळचे लातूरकडील, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळापासून या लोकांचे हैदराबादेस जाणे-येणे, आणि पुढे तेथेच बिऱ्हाड. घरच्या बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी निवर्तले. चहा झाल्यावर बाई आम्हांस पूर्वेकडील खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "फादर, हे यांचं झाड. नऊ वर्षांपूर्वी कालिम्पाँगहून बोटभर रोप आणलं होतं. फूल काही त्यांना दिसलं नाही. मी रोज न चुकता पाणी घालते हो, तरी पानं पिवळी पडत चालली आहेत."

झाड होते आमरीचे. ज्याला आपण आता सर्रास ऑर्किड म्हणतो त्यातलेच. परंतु आंब्याच्या फांदीवर बसणारी आपल्याकडची आमर ती ही नव्हे. हिच्या फुलाची एक पाकळी खोलगट पिशवीसारखी, पुढून सपातेसारखी दिसते. मध्ययुगात युरोपातील ख्रिस्ती लोक आपल्या रानातल्या अशाच फुलाला 'मरियेचा जोडा' म्हणत. पुढे 1753 साली लिनियस या शास्त्रज्ञाने त्यास व्हीनस देवीच्या सायप्रस बेटावरून नाव दिले. आपल्या आशियातील जातींचे नावही त्याच बेटावरील पाफोस नगराचे: पॅफिओपेडिलम. प्रेषितांची कृत्ये वाचणाऱ्यांस हे पाफोस ओळखीचे आहे. संत पौल तेथे गेला होता.

बाईंच्या खिडकीतले झाड संकरित, पण त्याचे मूळ रक्त बोर्निओ बेटातील किनाबालू पर्वताच्या रॉथ्शिल्डियानम जातीचे. या घराण्यातला हा राजाच म्हणावा. पाने दोन-दोन वीत लांब, एका दांड्यावर चार-सहा फुले, आणि एकेक फूल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभराहून मोठे. मात्र बीपासून फुलापर्यंत दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. आपल्या वाडीत केळ बारा-चौदा महिन्यांत घड देते; तेव्हा या झाडाच्या मालकास किती धीर हवा, हे निराळे सांगावयास नको.

आम्ही कुंडीला नाक लावले. कुबट वास आला. झाड अलगद उपटले, तो सात-आठ मुळ्यांपैकी पाच हाताशी आल्या त्या नुसत्या साली. आतला गर कुजून गेलेला. बाई काही बोलल्या नाहीत. यजमान हयात असताना पाण्याचे काम त्यांच्याकडे असे; ते गेल्यावर बाईंनी ते व्रत म्हणून घेतले, आणि व्रत म्हटले की एकही दिवस चुकवावयाचा नाही. त्या व्रतानेच झाड बुडत होते.

येथे थोडे समजून घेतले पाहिजे. इतर पुष्कळ आमरींच्या बुंध्याशी फुगीर गाठी असतात. त्यांत पाणी साठते. या बूटफुलाला तशी गाठ नाही. म्हणून त्यास अगदी कोरडे ठेवून चालत नाही. परंतु त्याची मुळे जाड, तपकिरी, लवेने मढलेली व संख्येने मोजकी असतात, आणि रानात ती चिखलात नसून पालापाचोळ्यात, शेवाळात, खडकाच्या फटीत असतात. तेथे रोज पाऊस पडला तरी पाणी वाहून जाते व वारा मुळांस लागतो. म्हणजे या झाडास ओल पाहिजे, पण साचलेले पाणी नको. आणि हवा तर ओलीइतकीच पाहिजे. कुंडीतील साल कुजून तिचा गाळ झाला की तीच कुंडी डबके बनते. बाईंच्या कुंडीतील साल पाच वर्षे बदललेली नव्हती.

दोष देण्याचा अधिकार आम्हांस तरी कोठे होता? काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच एक रोप मारले. नारळाच्या सोडणाचे तुकडे करून कुंडीत भरले. आपल्या गावी सोडणाला काय तोटा! पण ते आधी दोन-तीन दिवस भिजत घालून, पाणी बदलून, त्यातील खार काढून टाकावा लागतो, हे आम्ही केले नाही. महिन्याभरात पानांची टोके जळाली आणि पावसाळ्याअखेर रोप गेले.

त्या दिवशी बाईंच्या स्वयंपाकघरातच शस्त्रक्रिया झाली. कात्री विस्तवावर धरून गार केली, कुजलेली मुळे कापली, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली आणि झाड दिवसभर सावलीत उघडे ठेवले. संध्याकाळी त्यास लहान कुंडी दिली. बाईंस वाटत होते की एवढ्या मोठ्या पानांना मोठीच कुंडी हवी. पण कुंडी मुळांच्या मापाची असावी, पानांच्या नव्हे. पाइनच्या सालीचे बोराएवढे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटेचे खडे एवढेच भरले. मे महिन्यात कुंडी बदलू नये असे आम्हीही म्हणू. परंतु कुजणे ऋतू पाहत नाही.

आता पाण्याविषयी. हैदराबाद हे दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 540 मीटर उंच, आणि त्याखाली ग्रॅनाइटचा खडक. बोअरचे पाणी बहुधा जड असते. बाईंच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर बसलेला होता, तो क्षार. तोच मुळांवर बसला की पानांची टोके करपतात. शहराचे नळाचे पाणी बरे. ते निरनिराळ्या ठिकाणांहून येते. 1908 साली मुसी नदीच्या महापुराने शहराची दाणादाण उडाल्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यावरून जे तलाव झाले, त्यांतील उस्मानसागर म्हणजेच गंडीपेट 1920 साली पुरा झाला. अलीकडे कृष्णा व गोदावरीचे पाणीही शहरात आणले आहे. पण झाडाचा खरा मित्र पाऊस. पहिली एक-दोन सर गच्ची धुऊन जाऊ द्यावी, मग पिंप भरून झाकून ठेवावे. घरात शुद्धीकरणाचे यंत्र असेल तर त्याचे तीन भाग पाणी व नळाचे एक भाग असे मिसळले तरी चालते. त्या यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी मात्र झाडास मुळीच घालू नये. सारा क्षार त्यातच येतो.

केव्हा घालावे? बाईंनी आमच्याकडून वार लिहून मागितले. आम्ही ते दिले नाहीत. बांबूची एक बारीक काडी कुंडीत खोवून ठेवावी, सकाळी काढून गालाला लावावी. गार व ओलसर लागली तर आज पाणी नाही. जवळजवळ कोरडी लागली तर आज घालावे. साधारणतः हैदराबादच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात पाच-सहा दिवसांनी, आणि हिवाळ्यात, जेव्हा रात्र पंधरा अंशांपर्यंत गार होते, आठवड्याने वेळ येते. पण शेवटचा शब्द काडीचा. घालावयाचे तेव्हा तांब्या-दोन तांबे, खालून भळाभळा वाहीपर्यंत, चमच्या-चमच्याने नव्हे. बशीत साचलेले ओतून टाकावे. हे सकाळीच करावे, म्हणजे रात्रीपूर्वी पाने कोरडी होतात. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहिले तर फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावे. तेथे एकदा कुज लागली की दोन-चार दिवसांत कोंब हातचा जातो.

खत पाकिटावर लिहिले असेल त्याच्या चौथ्या हिश्शाने, पंधरवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी.

मुळे कुजण्याइतकाच दुसरा शत्रू म्हणजे तेथील एप्रिल-मेची कोरडी हवा. बाहेर चाळीस अंश. वातानुकूलन यंत्र लावावे तर ते उरलीसुरली ओलही शोषून घेते. येथे हैदराबादचा जुना वाळ्याचा कूलर कामास येतो. त्याच खोलीत, पण झोतापासून दूर, झाड ठेवले म्हणजे गारवाही मिळतो व दमटपणाही. कुंडीखाली परातीत खडे घालून त्यात पाणी ठेवावे, मात्र कुंडीचा तळ पाण्याच्या वर राहिला पाहिजे. उजेड सकाळचा, विरळ पडद्यातून. पाने काळसर हिरवी झाली तर उजेड कमी. पिवळट झाली, आणि मुळे चांगली असली, तर उजेड फार.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. हे झाड रानातून उपटून आणलेले घेऊ नये. आपल्या देशात याच्या जाती बहुतेक ईशान्येकडे, मेघालय-अरुणाचलाच्या बाजूस आहेत. दक्षिणेत एकच, पिवळ्या फुलाची. कर्नल ड्रुरी यांना ती 1865 साली अगस्त्यमलैच्या डोंगरांत सापडली, आणि हौशी लोकांनी पुढे ती इतकी ओरबाडली की रानात ती दिसणे दुर्मीळ झाले. आज आपला वन्यजीव कायदा व आंतरराष्ट्रीय करार दोन्ही या रानटी झाडांच्या व्यापारास आडवे येतात, ते योग्यच आहे. या झाडाची प्रयोगशाळेत एकापासून हजार अशी रोपे करणे कठीण. ती बहुधा बीपासून किंवा फुटवे वेगळे करूनच होतात. म्हणून रोपवाटिकेतले रोप महाग असते. स्वस्तात दारावर विकावयास आले तर समजावे की कोठला तरी डोंगर उघडा पडला आहे.

बाईंचे पत्र गणपतीच्या सुमारास आले. मोठा कोंब वाचला नाही. त्याची पाने एकामागून एक गेली. परंतु बुंध्याशी एक नवा कोंब आहे, त्याला चार पाने झाली आहेत आणि कुंडीच्या कडेने एक नवे मूळ, टोकाशी पिवळसर, खाली उतरताना दिसते. एका कोंबाला फूल एकदाच येते, आणि हा कोंब वाढून फुलण्यास अजून तीन वर्षे तरी लागतील, असे आम्ही त्यांस कळविले आहे. काडी त्या रोज सकाळी गालाला लावतात. पाणी त्या आठवड्यात दोनदा पडले होते.