लॅपटॉप घ्यावा वाजवून

उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ आणायला तुम्ही आजीबरोबर कधी कुंभाराकडे गेला आहात काय? रंग आणि घाट पाहून झाला, की आजी माठ एका हातावर पेलते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे असे समजावे. डोळ्यांना न दिसणारा दोष असा कानांना कळतो.

आता दुसरा प्रसंग पाहा. दहावीचा निकाल लागला आहे आणि घरात लॅपटॉप घ्यायचे ठरले आहे. माठापेक्षा कितीतरी पट किमतीची ही वस्तू. पण ती घेताना आपण काय पाहतो? रंग, जाडी आणि डब्यावर चिकटवलेली चकचकीत लेबले! लॅपटॉप बोटाने वाजवून काही कळत नाही, हे खरे. मात्र योग्य प्रश्न विचारून तो ‘वाजवून’ घेता येतो. त्यासाठी त्याच्या आत काय चालते, ते थोडे समजून घेऊ या.

कारकून, टेबल आणि कपाट

एखाद्या कचेरीची कल्पना करा. तिथे एक चलाख कारकून आहे, त्याच्यापुढे टेबल आहे आणि खोलीच्या टोकाला फायलींचे कपाट आहे. कारकून काम करतो ते टेबलावरच्या कागदांवर. हवी ती फाईल टेबलावर नसली, तर त्याला उठून कपाटापर्यंत जावे लागते.

लॅपटॉपमधला प्रोसेसर म्हणजे हा कारकून, रॅम म्हणजे टेबल, आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कपाट. टेबलावरचे कागद संध्याकाळी आवरून ठेवतात, तशी वीज बंद होताच रॅम रिकामी होते. कपाटातील फायली मात्र तशाच राहतात.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचकाखाली येईपर्यंत सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. शिवाय वाचक योग्य कड्यावर सरकायला दहाएक मिलिसेकंद जातात. एकूण सुमारे १५ मिलिसेकंद झाले. एसएसडीत फिरणारा किंवा सरकणारा भागच नसतो. तिथे हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होते. रॅमला तर सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो.

हे आकडे फारच लहान असल्यामुळे त्यांतला फरक मनात ठसत नाही. म्हणून ते मोठे करून पाहू. समजा, टेबलावरचा कागद उचलायला कारकुनाला १ सेकंद लागतो. त्याच प्रमाणात एसएसडीच्या कपाटातून कागद आणायला १००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतील. आणि हार्ड डिस्कमधून आणायला? दीड लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेदोन दिवस!

आता ध्यानात आले ना, की ‘लॅपटॉप फार हळू चालतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा कारकुनात नसून कपाटात का असते? समजा, सुरू होताना लॅपटॉपला विखुरलेले १०,००० तुकडे गोळा करायचे आहेत. हार्ड डिस्कला १,५०,००० मिलिसेकंद, म्हणजे अडीच मिनिटे लागतील; एसएसडीला १ सेकंद. प्रत्यक्षात बरेच तुकडे शेजारीशेजारी असतात आणि इतर कामेही चालू असतात, म्हणून फरक इतका ठोक दिसत नाही. पण तो घड्याळ न लावताही जाणवतो.

टेबल लहान असले तरी हीच अडचण येते. रॅम भरली, की यंत्र काही कागद कपाटात ठेवते आणि लागले की परत आणते. या येरझारांत वेळ जातो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारा, ‘एसएसडी आहे ना?’ दुसरा विचारा, ‘रॅम किती, आणि ती पुढे वाढवता येते का?’ हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फलकावर कायमची डाख देऊन बसवलेली असते. अशा यंत्रात आज घेतली तेवढीच रॅम जन्मभर! शाळा-महाविद्यालयाच्या कामाला ८ जीबी रॅम चालते. ऐपत असल्यास १६ जीबी घ्यावी.

आणि कारकून? ‘आय-सेव्हन आहे साहेब!’ एवढ्यावर भुलू नका. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही केवळ वर्गवारी झाली. प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, हे त्याइतकेच महत्त्वाचे असते. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमधल्या आय-सेव्हनला नव्या पिढीतला आय-थ्री सहज मागे टाकू शकतो.

५१२ चे ४७६ कसे झाले?

नवा लॅपटॉप घरी येतो. डब्यावर ५१२ जीबी छापलेले असते आणि पडद्यावर मात्र ४७६ जीबी दिसतात. ‘दुकानदाराने फसवले!’ असे म्हणण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

एसएसडी बनवणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. ५१२ जीबी म्हणजे ५१,२०० कोटी बाइट झाले. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. भागाकार केला, की उत्तर येते सुमारे ४७६.८. एकही बाइट हरवलेला नाही. फक्त माप बदलले. मौज अशी, की हीच एसएसडी ॲपलच्या मॅकमध्ये ५१२ जीबीची दिसते, कारण तिथे दशमान पद्धतीने मोजतात. यंत्र तेच असले तरी आपल्याला काय दिसावे, हे ठरवणारा आणखी कोणीतरी आहे. तो कोण?

कचेरीचा व्यवस्थापक

त्याचे नाव कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्या कचेरीत कारकून एक आणि कामे देणारी माणसे अनेक. कोणाचे काम किती वेळ करायचे, टेबलाचा कोणता भाग कोणाला द्यायचा, कोणती फाईल कोणाला दाखवायची, छापखान्याकडे काय धाडायचे, हे सारे व्यवस्थापक ठरवतो. तुम्ही गाणे ऐकत निबंध टंकलिखित करता, तेव्हा कार्यप्रणाली प्रत्येक कामाला सेकंदाचे काही हजारांश भाग वाटून देत असते. वाटप इतके भरभर होते, की सारे एकाच वेळी चालले आहे असे आपल्याला वाटते.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच, पण सर्वांना मोकळेपणाने वापरता, पाहता आणि सुधारता येईल अशी प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. तिचे नाव ग्नू. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस तोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. तोच लिनक्स. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे.

‘मोकळी’ याचा अर्थ नीट समजून घ्या. खाणावळीतली आमटी तुम्ही खाता, पण तिची कृती मालक सांगत नाही. शेजारच्या काकू मात्र आमटीही देतात, कृतीही देतात आणि ‘तुला हवे तर तिखट कमी घाल,’ असेही म्हणतात. लिनक्स या काकूंसारखी आहे.

मग कोणती घ्यावी?

‘सर्वांत चांगली कोणती?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘माझ्या कामाला कोणती?’ असे विचारावे. आधी एका कागदावर स्वतःच्या कामांची यादी करा आणि प्रत्येक कामाला कोणती आज्ञावली लागते, ते पुढे लिहा.

यादीत केवळ विंडोजवरच चालणारी एखादी आज्ञावली असेल, आणि तिच्यावाचून अडत असेल, तर विंडोज घ्या. मॅक-ओएस ॲपलच्याच यंत्राबरोबर येते. यंत्रे चांगली असली तरी महाग पडतात. क्रोम-ओएसची यंत्रे साधी-सोपी असतात. पण त्यांचे बरेचसे काम इंटरनेटच्या भरवशावर चालते. आणि यादीत लेखन, तक्ते, भूमितीसाठी जिओजेब्रा, चित्रांसाठी गिंप, पायथॉन आणि इंटरनेट एवढेच असेल, तर लिनक्सवर हे सारे विनामूल्य मिळते. केरळमधील शासकीय शाळांतून वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकवला जात आहे. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणालीही तयार केली आहे.

एक सावधगिरी. विंडोज नसलेले लॅपटॉप थोड्या कमी किमतीत मिळतात. त्यात ‘विंडोज फुकट टाकून देतो,’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नको म्हणा. चोरीची प्रत बेकायदेशीर असते. शिवाय तिच्यात कोणी काय मिसळून ठेवले आहे, हे आपल्याला कळत नाही.

डब्यावर ‘किमान आवश्यकता’ लिहिलेली असते, तिचाही अर्थ समजून घ्या. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. पण ‘किमान’ म्हणजे परीक्षेतले ३५ गुण. उत्तीर्ण व्हाल, पुढचा प्रवेश मिळेलच असे नाही.

दर्या की दऱ्या?

दुकानात करण्याजोगी एक चाचणी खास आपल्यासाठी आहे. लॅपटॉपवर मराठी कळफलक सुरू करायला सांगा आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द लिहून पाहा. पहिला म्हणजे समुद्र, दुसरा म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. तसेच ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिले विद्या देतात, दुसरे जेवण! मग ‘ॲ’ लिहा. हे अक्षर युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. इनस्क्रिप्ट हा भारतीय प्रमाण कळफलक विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मिळतो. तो एकदा शिकलात, की यंत्र बदलले तरी बोटांची सवय वाया जात नाही.

जुना लॅपटॉप भंगार आहे काय?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. घरात मोठ्या बहिणीचा दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असेल. विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. सेवा थांबली म्हणजे यंत्र बंद पडले असे नव्हे. प्रणालीत सापडणाऱ्या फटी बुजवणे थांबले. ज्या कुलपाची किल्ली चोरांनी बनवली आहे आणि जे बदलायला आता कोणी येणार नाही, त्या कुलपावर विसंबणे धोक्याचे असते. विंडोज ११ मात्र जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात.

म्हणून ‘हा भंगारात द्या, नवा घ्या,’ असा सल्ला मिळतो. पण थांबा. उत्पादक कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांतही दिसते, की लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. चालता लॅपटॉप टाकणे म्हणजे तो खर्च पाण्यात घालणे. त्यापूर्वी पुढील प्रयोग करून पाहा.

घरच्यांची परवानगी घ्या. लॅपटॉपमधील फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा. ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचे सारे पुसले जाईल, हे ध्यानात असू द्या). शिक्षकांच्या मदतीने त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंटची प्रत बनवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. ‘बसवा’ असे न सांगता फक्त ‘वापरून पाहा’ हा पर्याय निवडा. मग आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय लागते का? आवाज येतो का? कॅमेरा चालतो का? झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का? सगळे जमले, तर यंत्र धडधाकट आहे. त्यात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, की पावणेदोन दिवसांची १७ मिनिटे झालीच! हा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा अंश असतो.

अर्थात, एखादे यंत्र खरोखरच निकामी झालेले असते. ते मान्य करून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. मात्र तो निर्णय प्रयोगानंतरचा असावा.

शेवटचा ठोका

नवा घ्यायचाच ठरला, तर बॅटरीचाही हिशेब करा. तिची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि १० वॅटचा खर्च असेल, तर ५ तास मिळतील. चित्रफितीचे जड काम करताना खर्च २५ वॅटवर गेला, तर २ तासच. जिथे वीज वारंवार जाते, तिथल्या विद्यार्थ्याने हा भागाकार आधी करावा.

आता कामांची यादी घ्या, प्रश्नांची यादी घ्या आणि दुकानात जा. एसएसडी आहे का, रॅम वाढते का, प्रोसेसर कोणत्या पिढीचा, बॅटरी किती वॅट-तासांची, दऱ्या नीट उमटतात का? प्रत्येक प्रश्न म्हणजे माठावरचा एक ठोका. दुकानदार काय उत्तर देतो ते ऐका, आणि आवाज खणखणीत आला तरच पैसे मोजा.